काळूरामचे वाटे

आमच्या गावामागच्या टेकडीवर उभं राहिलं की भातसा धरणाचं पाणी दिसतं. भर मे महिन्यातसुद्धा दिसतं. ते मुंबईला जातं आणि आमच्याकडे टँकर येतो. या व्यवस्थेला आमची संमती कोणी विचारली नव्हती, पण विचारली असती तरी आम्ही दिली असती. परोपकार आमच्या अंगात इतका मुरला आहे की तो काढायला आता डॉक्टरच लागेल. अशा शहापूर तालुक्यात काळूरामसारखा माणूस जन्माला यावा यात नवल नाही. नवल एवढंच, की इतकी वर्षं त्याच्यावर कोणी प्रबंध लिहिला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात तीही सोय झाली.

काळूराम साठीचा. दोन तुकडे भातशेती, उरलेल्या दिवसांत भातसानगरच्या वसाहतीत मिळेल ते काम. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आपल्याला साऱ्या जगाचं काहीतरी समान करायचं राहून गेलं आहे. गावात त्याची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. तो वाटे घालायचा.

ज्यांना हे ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. म्हसाच्या जत्रेतून दहा-बारा घरं मिळून एक बोकड आणतात. तो कापला की त्याचे वाटे घालावे लागतात. पळसाची पानं ओळीने मांडायची आणि प्रत्येक पानावर सारखा ऐवज पडला पाहिजे: नळी, चरबी, काळजाचा तुकडा, वजडी, सगळं. तराजू चालत नाही. एकदा एका हौशी माणसाने काटा आणला होता, तर काळूराम पुढे महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. तो पानांच्या एका टोकाला उकिडवा बसे, एक डोळा मिटून ओळीवरून नजर फिरवी, आणि मग या पानावरचा बोटाएवढा तुकडा उचलून त्या पानावर ठेवी. लोकांच्या घरी कांदा-खोबरं वाटून तयार असे आणि इकडे हा एका तुकड्यासाठी अर्धा तास घेई. पण भांडण कधी झालं नाही. कारण नेमच तसा होता: सगळ्यांनी आपापलं पान उचलायचं आणि वाटे घालणाऱ्याने शेवटी. स्वतःला कमी पडू नये म्हणून तरी तो सारखे वाटे घालणारच, असं आमच्या पूर्वजांनी ताडलं होतं. काळूरामने मात्र त्यांचीही फजिती केली. शेवटचं पान थोडं हलकं असलं तर त्याला आनंद व्हायचा.

वाट्यांआधी मान निघायचा, हेही सांगायला हवं. पहिला वाटा गावदेवीचा. मुंडी पोलीस पाटलाची. ज्याच्या अंगणात बोकड कापला त्याला एक वाटा, ज्याने कापला त्याला एक. मान देऊन उरेल त्याचे वाटे. वाटे घालणाऱ्याला मान नसतो. त्याला कौतुक असतं.

तर तीन वर्षांपूर्वी टँकरवर मारामारी झाली. टँकर आला की विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया त्यावर तुटून पडायच्या. त्या गडबडीत एकीचं डोकं फुटलं, दुसरीचा हंडा चेपला, आणि गावाला हंड्याचंच जास्त वाईट वाटलं. पाडव्याला बैठक बसली. कोणीतरी म्हणालं, पाण्याचेही वाटे घाला. सगळ्यांच्या माना काळूरामकडे वळल्या. त्याने एक डोळा मिटला, म्हणजे त्याने जबाबदारी घेतली.

मग जी चर्चा झाली ती ऐकायला मोठमोठे अर्थतज्ज्ञ यायला हवे होते. ज्यांच्या घरी दोन माणसं होती ते म्हणाले, घरटी सारखं पाणी द्या, हाच खरा न्याय. ज्यांच्या घरी नऊ होती ते म्हणाले, माणशी द्या, हाच खरा न्याय. ज्याच्या दावणीला सहा म्हशी होत्या त्याला म्हशींमध्येही आत्मा असल्याचा त्याच दिवशी साक्षात्कार झाला. कल्याणला राहणारी आणि फक्त रविवारी येणारी मुलं म्हणाली, आम्ही येतो त्या दिवशी तरी आम्हाला माणूस धरा. काळूरामने सगळ्यांचं ऐकलं आणि नेम सांगितला: वाटा माणशी. ज्याचं नाव रेशनकार्डावर आहे आणि जो गावात झोपतो तो माणूस. जवळच्या शेणवे गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे गावातलं लिहिणं-वाचणं सगळं माझ्याच गळ्यात पडतं. माणसांची यादी मी लिहिली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण वाटे म्हटलं की आमच्या लोकांना मान सुचतो, आणि मान सुचला की आमचं डोकं थांबतं. पाण्यातला पहिला हंडा गावदेवीला निघाला. तो तिच्या दगडावर ओतायचा. देवीला श्रावणात कोणी विचारत नाही, पण एप्रिल-मेमध्ये तिची एक दिवसाआड आंघोळ ठरली. दुसरा हंडा पोलीस पाटलाचा. तिसरा ज्याच्या अंगणात टँकर उभा राहतो त्याचा. चौथा टँकरच्या ड्रायव्हरचा. कापणाऱ्याचा मान असतो, मग आणणाऱ्याचा नको का? हजारो लिटर पाणी घेऊन आलेल्या माणसाला आम्ही सन्मानाने एक हंडा पाणी द्यायचो आणि तो बिचारा संकोचाने टँकरची काच धुवायचा. पाचवा मान यादी लिहिणाऱ्याचा, म्हणजे माझा. मी एकदा नको म्हणालो होतो. फार हळू म्हणालो असेन, कारण कोणाला ऐकू गेलं नाही.

टँकर कागदावर दहा हजार लिटरचा. टाकीला एका जागी भोक होतं, म्हणून येईपर्यंत सात हजारांवर यायचा. आता पाणी विहिरीत न ओतता टाकीच्या तोटीवरूनच मान निघायचा, मग माणशी दोन हंडे वाटले जायचे, आणि शेवटी काळूरामचा वाटा. घरात तो आणि त्याची बायको गोजर, दोनच माणसं. चार हंडे मिळायला हवेत. कधी साडेतीन मिळत, कधी तीन. काळूराम टाकीच्या तोटीखाली शेवटचा हंडा धरून उभा राही आणि पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली की आजूबाजूला पाहून हसे. लोकही हसत. 'काळूनाना म्हणजे देवमाणूस,' असं म्हणत आपापले भरलेले हंडे उचलत. गोजर मात्र हसत नसे. देवमाणसाची भांडी राखेने कोरडी घासून ठेवायची पाळी तिच्यावर येई.

दोन वर्षांपूर्वी सुंदराची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. सुंदरा आमच्याच आळीतली, नवरा नाही, एकटी राबणारी. तिने मुलीसाठी दोन हंडे मागितले. काळूरामने यादी विचारली. नाव नव्हतं. लग्नानंतर ते सासरच्या कार्डावर गेलेलं.

"लगीन झालेल्या पोरीचा वाटा सासरी," काळूराम म्हणाला. "नेम हाय."

आठव्या महिन्यात मुलगी जीपमध्ये बसून सासरी परत गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडची रीत, पण नेम झाला की रीतीने बाजूला सरकायचं असतं. गावाने मान डोलावली. नेम सगळ्यांना सारखा, याचा सगळ्यांना अभिमान वाटला. सुंदराला वाटला की नाही ते कोणी विचारलं नाही.

आणि गेल्या वर्षी चैत्रात काळूरामची स्वतःची मुलगी अनिता बाळंतपणाला आली. सासर पडघ्याच्या बाजूला, दारात बोअर, बटण दाबलं की पाणी. तरी ती आली, कारण गोजरने तिला बोलावलं होतं. एकच मुलगी, लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस गेलेले. तिचं आणि बाळाचं सगळं आपल्या हाताने करायचं, सव्वा महिना तिला घरी ठेवायचं, एवढी एकच इच्छा त्या बाईने सबंध आयुष्यात मोठ्याने बोलून दाखवली असेल. तिने पौषापासून डिंक जमवला होता. आता एवढंच व्हायला हवं होतं की चार माणसांना पुरेल इतकं पाणी घरात यावं.

ते कुठून आणायचं याचं उत्तर गोजरकडे होतं. तिने स्वतःची आंघोळ आठवड्यावर नेली आणि काळूरामची बंद केली. पहिले काही दिवस त्याच पाण्यावर निघाले.

त्याच सुमाराला मनाली मॅडम आल्या. मूळच्या मुरबाडच्या, मुंबईच्या कुठल्याशा संस्थेत संशोधन करणाऱ्या. माणसं आपल्याजवळचं थोडं असताना दुसऱ्याला का देतात, हा त्यांचा विषय. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसावं. सोबत निळ्या प्लास्टिकच्या चकत्यांची पिशवी होती आणि एक खेळ होता. एकाला वीस चकत्या द्यायच्या. दुसरा खेळाडू पडद्याआड, कोण ते सांगायचं नाही. पहिल्याने आपल्या मनाने ठरवायचं, स्वतःला किती ठेवायच्या आणि त्या अनोळखी माणसाला किती द्यायच्या. शेवटी ज्याच्याकडे जितक्या चकत्या तितक्या बाटल्या पाणी. आमच्या लोकांनी तो खेळ शाळेच्या पडवीत फार मन लावून खेळला. पोलीस पाटलाने अनोळखी माणसाला दोन चकत्या दिल्या आणि मी तीन. माझ्या उदारपणावर मी खूश होतो.

काळूराम वीस चकत्या घेऊन बसला तो बसलाच.

"पडद्याआड कोन हाय?" त्याने विचारलं.

"ते सांगता येत नाही काका."

"घरात किती मानसं हायेत त्याच्या?"

"तेही नाही सांगता येत."

"मंग वाटे कसे घालू?" काळूराम म्हणाला. त्याचा आवाज रडकुंडीला आला होता. "मानूसच दिसत नाय, तर वाटा कुनाचा?"

अखेर त्याने वीसच्या वीस चकत्या पडद्याकडे सरकवल्या. मला नको, ज्याला हव्या त्याने घ्याव्या, म्हणजे अन्याय तरी होणार नाही. मनाली मॅडमच्या चष्म्याला वाफ आली. आत्तापर्यंत चार तालुके झाले होते आणि वीसच्या वीस देणारा पहिलाच निघाला होता. त्या दिवसापासून त्या काळूरामच्या मागे वही घेऊन फिरू लागल्या. त्यांनी मला समजावून सांगितलं, की शास्त्रात दोन मतं आहेत. एक म्हणतं, माणूस निखळ दुसऱ्यासाठी देतो. दुसरं म्हणतं, दिल्याने त्याला स्वतःलाच समाधान मिळतं, आणि ते समाधान विकत घेण्यासाठी तो देतो. काळूराम कोणत्या गटातला, हे शोधायचं होतं. मी म्हटलं, गोजरला विचारा. मॅडम म्हणाल्या, नमुन्यात प्रत्येक घरातून एकच माणूस घेतला आहे.

अनिता शहापूरच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. आणि पाचव्या दिवशी, बाळाची पाचवी पुजायची त्या दिवशी, टँकर आला तो अर्ध्याहून कमी. भोक मोठं झालं होतं.

दुपारची वेळ. हंड्यांची रांग, माणसं घामेजलेली, मॅडम वही घेऊन सावलीत. काळूरामने टाकीत काठी बुडवून पाहिली आणि सांगितलं, "आज मानशी एकच हंडा."

लोक कुरकुरले, पण मानले. मान मात्र पुरा निघाला. मान अर्धा कसा करणार? देवीला अर्धी आंघोळ घालता येत नाही आणि पाटलाला अर्धा पाटील म्हणता येत नाही. पाच हंडे बाजूला काढून ठेवले गेले. त्यातला एक माझा.

गोजर रांगेत आली. ती कधी रांगेत येत नसे, तिचा वाटा शेवटचा असतो हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातात चार हंडे होते.

"घरात बालंतीन हाय," ती म्हणाली. नवऱ्याकडे न बघता, सगळ्यांना उद्देशून. "पाच दिसांचं पोर हाय. आमी आता चार मानसं."

काळूराम माझ्याकडे वळला. "सुनिल, यादीत हाय का रे अनिताचं नाव?"

माझ्या खिशात पेन होतं. हातात यादी होती. ती मीच लिहिलेली, आणि माझ्याशिवाय तिथे कोणी ती वाचायच्या भानगडीत पडत नव्हतं. आहे म्हणालो असतो तर काळूरामने दोन हंडे जास्त दिले असते आणि त्याच्या नेमाला धक्काही लागला नसता. मी म्हणालो, "नाही, काळूनाना." मला वाटतं मी तेव्हा प्रामाणिकपणा दाखवत होतो. अजूनही त्याची लाज वाटते.

"सुंदराच्या पोरीला नाय दिला," काळूराम म्हणाला, "तर माझ्या पोरीला कसा देऊ?"

सगळ्यांनी सुंदराकडे पाहिलं. ती तिच्या एका हंड्याशी उभी होती.

"द्या ओ काळूदादा," ती म्हणाली. "माझी पोर गेली ती गेली. मी काय बोलनार नाय."

"तू बोलनार नाय," काळूराम म्हणाला, "पन झालं ते झालंच ना गो. तवा तुला नाय म्हनलो ते मंग खोटं व्हतं का?"

त्याचे डोळे भरले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक त्याला दगड म्हणाले, आणि ते सोयीचं होतं. तो दगड नव्हता. त्याला ते दोन हंडे आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हवे होते. त्याने एकेका घराचं पाणी मोजून वाटलं, शेवटी दोन हंडे तोटीखाली धरले, एक भरला आणि दुसरा अर्ध्यावर थांबला. सावलीत मॅडम भराभर लिहीत होत्या. त्यांच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या, पण अभ्यासात हस्तक्षेप करायचा नसतो.

मॅडम उठून गोजरजवळ गेल्या. अगदी मनापासून म्हणाल्या, "मावशी, तुमचे मिस्टर फार मोठे आहेत. असं देण्यात माणसाला जे समाधान मिळतं ना, त्यावरच माझा सगळा अभ्यास आहे."

"मिलतं ना," गोजर म्हणाली. "समादान त्यांना मिलतं. तान आमाला लागते."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. लोक पांगले. पाटलाने आपला मानाचा हंडा उचलला, अंगणवाल्याने उचलला, ड्रायव्हरने काच धुतली. देवीच्या दगडावर पाणी ओतलं गेलं आणि क्षणात वाळलं. मी माझा उचलला. तो मी गोजरच्या दारात नेऊन ठेवू शकलो असतो. दहा पावलांवर घर होतं. पण मानाचा हंडा दुसऱ्याला दिला तर उद्या सगळ्यांच्या मानाचा प्रश्न निघेल, असा काहीतरी विचार मी केला आणि घरी आलो. त्या पाण्यात माझ्या बायकोने कपडे भिजवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिताचा नवरा रितेश गाडी घेऊन आला. कोणी फोन केला ते कळलं नाही, गोजरने नक्की नाही. तो चांगला मुलगा, सासऱ्याला एक शब्द बोलला नाही. दीड हंडा पाण्यात बाळंतीण ठेवता येत नाही हे बोलून दाखवायची गरजही नव्हती. गोजरने डिंकाचे लाडू डब्यात भरले. सव्वा महिन्याचे होते, सगळे डब्यात मावले नाहीत. काळूराम ओटीवर उभा होता. बाळाला घ्यायला त्याने हात पुढे केले आणि मग मागे घेतले, त्याचे हात तीन दिवसांत धुतले नव्हते.

"अनिता," तो म्हणाला, "माझ्यावर राग धरू नको गो."

"राग नाय बाबा," ती म्हणाली. गाडीत बसली, बाळाच्या तोंडावर पदर ओढला. "तिकडं माझं नाव यादीत हाय."

गाडी शेणव्याच्या रस्त्याला लागली. आळीतल्या चारजणांनी काळूरामला, माणूस असावा तर असा, असं ऐकवलं. तो ओटीवरून हलला नाही.

त्यानंतरच्या खेपेला टँकर बदलून आला. नवी टाकी, भोक नाही. मान निघाला, माणशी दोन हंडे वाटले गेले, तरी धार सुरूच होती. तीन वर्षांत पहिल्यांदा काळूरामचा वाटा पुरा भरला, चार हंडे, काठोकाठ. त्यातले दोन त्या दोघांच्या सवयीप्रमाणे वापरून झाले आणि संध्याकाळी तो माझ्या दारात आला. गोंधळलेला दिसत होता.

"सुनिल, दोन हंडे उरलेत रे," तो म्हणाला. "घरात पिनारं कोन नाय आता. हे सारखे कसे वाटू? कुनाला देऊ सांग."

त्याच्यासोबत मी त्याच्या घरी गेलो. मागच्या दारी दोन्ही हंडे आडवे पडले होते, रिकामे. गोजर दगडावर बसून धूत होती. बाळाची दुपटी होती, पाणी नाही म्हणून न धुताच कोपऱ्यात घडी करून ठेवलेली, आणि जायच्या घाईत राहून गेलेली. तिने शेवटचं दुपटं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं आणि हाताने सारखं केलं.

काळूराम रिकाम्या हंड्यांकडे बघत राहिला.

"झाले वाटून," गोजर म्हणाली.